इंजिनात दडलेली फंक्शनं
गेमच्या मॉडिंग गाइडमध्ये दिलेली फंक्शनं थोडी. इंजिनात त्याहून बरीच जास्त असतात. घरी बसून ती हुडकायची तर सोपी वाट ल्युआची. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली ही भाषा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सह अनेक गेममध्ये आहे. तिची ग्लोबल नावं ‘अंडरस्कोर जी’ या टेबलात असतात. छोटा लूप फिरवला की यादी समोर. पण नाव कळलं म्हणजे कोणती मूल्यं द्यायची ते कळत नाही. त्यासाठी गेमच्याच स्क्रिप्ट वाचाव्यात, एकेक मूल्य बदलून पाहावं. खरं शिक्षण इथंच होतं. सेव्ह फाइलची प्रत मात्र आधी काढा. गाइडमध्ये नसलेलं असं फंक्शन पुढच्या अपडेटमध्ये न सांगता काढलं जाऊ शकतं. म्हणून ते शिल्लक आहे का, हे वापरण्यापूर्वी स्क्रिप्टनंच तपासावं.