दहा मिनिटं दाबून धरा!

बायोप्सी म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात ब्रेस्टची! रिपोर्टचं टेन्शन नंतर, आधी मनात येतं : रक्त खूप जाईल का?

बहुतेक वेळा नाही. नेहमीच्या कोअर बायोप्सीची १४ गेजची सुई जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते. आणि रक्त थांबवायचं ‘यंत्र’ म्हणाल, तर नर्सचा हात! गॉज ठेवायचं आणि पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. बस्स. व्हॅक्युमवाली सुई मात्र तीन ते साडेचार मिलिमीटरची. ती नमुना जास्त काढते, तसं रक्तही जास्त जाऊ शकतं. ते आत साचलं की काळंनिळं पडतं, हाताला गाठ लागते.

मग यासाठी एखादं मस्त डिव्हाइस का नाही? इथेच डिझायनरचा कस लागतो. रक्त येतं खोल आतून, दिसतं फक्त कातडीवरचं भोक. सुई तिरकी गेली असेल, तर नुसतं भोक दाबून काय उपयोग? म्हणून आतूनच बूच बसवायची आयडिया आली. सुईच्या नळीतून कोलॅजेनचा छोटा तुकडा आत सोडायचा. तो रक्त शोषतो, गुठळी धरायला मदत करतो आणि पुढे विरघळतो. पण पुढच्या सोनोग्राफीत तोच गाठीसारखा दिसला तर? नवीच भानगड! शिवाय त्याची स्पर्धा फुकटातल्या हाताशी.

बाहेरच्या जखमांसाठी अहमदाबादच्या अ‍ॅक्सिओ बायोसोल्युशन्सने कायटोसानची ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ पट्टी आणली. कायटोसान मिळतं कोळंबीसारख्यांच्या कवचातून. त्याचा धन भार लाल पेशींना खेचून धरतो.

आणि आपलं पुणं? पाषाणच्या होमी भाभा रोडवर एनसीएलमध्ये पॉलिमरवाले, तिथेच स्टार्टअप्सना हात देणारं व्हेंचर सेंटर, शेजारी आयसर. ब्रेस्ट सर्जनही याच शहरात. सगळं सामान बाइकवरून पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात!

तोवर तुमच्या हातात काय? अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. नंतर एक-दोन दिवस जिमला सुट्टी. २०२२ मध्ये देशात ब्रेस्ट कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा ग्लोबोकॅनचा अंदाज आहे. त्यामुळे रक्ताच्या भीतीने तारीख पुढे ढकलू नका. तो प्रश्न बहुतेक वेळा दहा मिनिटांत सुटतो.