कंटेनरच्या पोटातली सिगारेट

वीस सिगारेटींचं पाकीट, दहा पाकिटांचं कार्टन, पन्नास कार्टनचं खोकं. अशी हजारभर खोकी चाळीस फुटी कंटेनरात मावतात, म्हणजे एका कंटेनरात जवळपास 1 कोटी सिगारेटी. भारतात सिगारेटवरच्या कराचा एक मोठा भाग तिच्या लांबीप्रमाणे, दर हजार नगांमागे ठरतो. परदेशी मालावर सीमाशुल्क वेगळं. हे सगळं चुकवून एकच कंटेनर बंदराबाहेर काढता आला, तरी तस्कराचे कोट्यवधी रुपये सुटतात. शिवाय सोन्यासारखा हा माल वितळवावा लागत नाही. तो पानटपरीवर राजरोस खपतो.

उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं आणि देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा त्याच्याकडे आला. तस्करीची सिगारेटही त्याच वाटेने आली. तिच्या मागावर इथे दोन यंत्रणा असतात. एक बंदराचं स्वतःचं जवाहरलाल नेहरू कस्टम हाउस, दुसरी 1957 मध्ये स्थापन झालेलं महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय. आलेला प्रत्येक कंटेनर उघडून पाहायचा म्हटलं तर बंदर तुंबेल, कारखाने कच्च्या मालाविना अडतील. म्हणून 2005 पासून संगणकावरची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली आधी कागद चाळते. आयातदार कोण, तो नवा आहे का, माल कुठल्या बंदरातून निघाला, याआधी त्याने काय मागवलं होतं? बहुतेक बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातदाराने भरलेली मालाची विवरणपत्रं, तपासणीविना सुटतात. ज्या थोड्या अडकतात, त्यांतच शोध सुरू होतो.

कागदावरची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे वजन. सिगारेट साधारण एक ग्रॅमची. कंटेनर तिने काठोकाठ भरला तरी त्याचं वजन फरशा भरलेल्या कंटेनरच्या जवळपासही जात नाही. 1 जुलै 2016 पासून जगभर कुठलाही भरलेला कंटेनर वजन प्रमाणित केल्याशिवाय जहाजावर चढत नाही. त्यामुळे ‘फरशा’ लिहून सिगारेटी पाठवणं जोखमीचं झालं. तस्कराला वजनाने जुळेल असा माल कागदावर दाखवावा लागतो, आणि दाराशी त्याच मालाच्या दोन-चार रांगा खरोखर रचाव्या लागतात. न्हावा-शेव्यात चिंचेच्या आड दडवलेल्या परदेशी सिगारेटी डीआरआयने पकडल्या आहेत. दार उघडलं की समोर चिंच, वास चिंचेचा, सिगारेटी त्यामागे.

अशा वेळी स्कॅनर कामी येतो. ट्रकवर लादलेल्या अख्ख्या कंटेनरमधून उच्च ऊर्जेचे एक्स-रे आरपार जातात. पाव मीटर जाडीचं पोलादही त्यांना अडवू शकत नाही. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण वापरणारी यंत्रं धातू कुठला आणि सेंद्रिय पदार्थ कुठला, हेही पडद्यावर रंगांनी दाखवतात. अडचण अशी, की चिंच आणि तंबाखू दोन्ही सेंद्रियच. रंग फारशी मदत करत नाही, तेव्हा पडद्यासमोरच्या अधिकाऱ्याला आकार वाचावा लागतो. पोत्यातली चिंच कशीही पसरते, तिच्या कडा धूसर दिसतात. सिगारेटीची खोकी मात्र कारखान्यात मोजूनमापून बनलेली, एकसारखी आणि काटकोनात रचलेली. कंटेनरच्या पुढच्या भागात एक पोत आणि मागे दुसरा दिसला, तर तो कंटेनर पुढे सरकत नाही. इतकं महागडं यंत्र असूनही निर्णय शेवटी माणसाच्या नजरेवर आणि त्याच्या चिकाटीवर येऊन ठेपतो. शेकडो निर्दोष चित्रं पाहून झाल्यावरही पुढचं चित्र तितक्याच लक्षाने पाहणाऱ्या या अधिकाऱ्यांचं श्रेय कुणी मोजत नाही.

मग कंटेनर फ्रेट स्टेशनवर पंचांसमोर सील तोडलं जातं, सिगारेटी मोजल्या जातात, पंचनामा होतो. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 110 खाली माल जप्त केला, तर 6 महिन्यांत नोटीस बजावावी लागते. ही मुदत आणखी 6 महिने वाढवता येते. तेवढ्यातही नोटीस गेली नाही तर माल परत द्यावा लागतो. माल पकडणारे हात जितके महत्त्वाचे, तितकाच वेळेवर फाइल पुरी करणारा कारकूनही. मालाची किंमत 1 कोटीच्या वर किंवा बुडवलेलं शुल्क 50 लाखांच्या वर असेल, तर कलम 135 प्रमाणे 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जप्त सिगारेटी लिलावात विकून तिजोरी का भरू नये, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर पाकिटावरच असतं. 1 एप्रिल 2016 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा 85 टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो. 2018 पासून त्यावर व्यसन सोडण्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांकही छापला जातो. चोरट्या मार्गाने आलेल्या पाकिटावर बहुधा यांतलं काहीच नसतं. कोरं, चकचकीत, सडपातळ पाकीट, वर लवंगेची किंवा फळाची चव. कॉलेजबाहेरच्या टपरीवर ते सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या हाती पडतं, तेव्हा सरकारने बुडालेल्या कराचा हिशेब जरूर करावा; पण त्या पोराला इशारा न मिळणं हे नुकसान त्याहून मोठं आहे. म्हणूनच असा माल नष्ट करणं योग्य.

कर कमी करा, तस्करी आपोआप थांबेल, असं सिगारेट कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. ते मान्य करण्यासारखं नाही. तस्करीत खुद्द मोठ्या कंपन्यांचा माल सापडत होता म्हणूनच युरोपीय संघाने 2004 मध्ये फिलिप मॉरिसशी करार केला, आणि कंपनीने 12 वर्षांत सव्वा अब्ज डॉलर देण्याचं कबूल केलं. स्वस्त सिगारेट हा तस्करीवरचा इलाज नव्हे. माल कारखान्यातून निघाल्यावर कुठे फुटला, हे कळणं हा इलाज आहे. तंबाखूच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार नेमकं तेच मागतो. भारत 2018 मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी तो करार अमलात आला. प्रत्येक पाकिटावर वेगळी, पुसता न येणारी खूण, अशी ती कल्पना. युरोपीय संघात ती 20 मे 2019 पासून लागू झाली. आपल्याकडे 2025 च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात मालाचा असा माग ठेवण्याची तरतूद केली. निर्यातदार देशांनीही अशा खुणा सक्तीच्या केल्या, तर न्हावा-शेव्यात चिंचेमागे सापडलेल्या खोक्याचा माग उरणच्या गोदामापाशी न थांबता, ते कुठल्या कारखान्यातून कुणाला विकलं गेलं तिथवर नेता येईल.