चूक कुठे आहे, ते सांगा की!

दहावीनंतर अकरावीत जायचं तर अर्ज संगणकावर भरावा लागतो. २०२५ पासून साऱ्या महाराष्ट्रात, म्हणजे आपल्या अकोल्यातही, हीच पद्धत आली. समजा, जठारपेठेतल्या एका ताईनं शेवटच्या दिवशी वीस रकाने भरले, बटण दाबलं आणि पडद्यावर उमटलं, ‘माहिती चुकीची आहे.’ आता शोधा बाप्पा, विसातलं कोणतं चुकलं ते! तेवढ्यात वेळ संपली, तर हवं ते कॉलेज हुकायचं.

शहाणा प्रोग्रॅम असं करत नाही. मग तो काय करतो?

तो एकेक रकाना तपासतो. पिनकोड सहा अंकी आहे ना? अकोल्याचा आहे ४४४००१. (ही पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली, ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली.) आधार क्रमांकाचे अंक बारा आहेत ना? त्यातला शेवटचा अंक तर पहारेकरीच! तो आधीच्या अकरा अंकांवरून गणितानं काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही. ही युक्ती डच गणिती वेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली.

चूक सापडली म्हणून प्रोग्रॅम तिथंच थांबत नाही. तो यादी करतो. डावीकडे रकान्याचं नाव, उजवीकडे निरोप:

पिनकोड – पाचच अंक आहेत, सहा हवेत.
जन्मतारीख – जून महिन्यात ३१ तारीख नसते.

शेवटी यादी रिकामी राहिली, तर अर्ज स्वीकारला. नाही तर तोच अर्ज पुन्हा दाखवायचा. प्रत्येक निरोप त्या त्या रकान्याखाली, आणि बरोबर भरलेलं जसंच्या तसं ठेवून. नुसती लाल चौकट पुरत नाही बरं का! काहींना लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही. म्हणून शब्द हवेतच.

पण हा पहारेकरीही फसतो. तुम्ही दुसऱ्याच गावाचा सहा अंकी पिनकोड लिहिला, तर त्याला तो ठीकच वाटू शकतो. म्हणून बटण दाबण्याआधी अर्ज एकदा मोठ्यानं वाचावा.

आता एक गंमत करा. कागदावर पाच रकान्यांचा अर्ज आखा आणि आई-बाबांना मुद्दाम चुका करून भरायला सांगा. तुम्ही व्हा प्रोग्रॅम! प्रत्येक चुकीसाठी एकच वाक्य लिहायचं: काय चुकलं आणि काय हवं. ते वाचून त्यांना न विचारता चूक सुधारता आली, तर तुम्ही पास!