कार्ड नको, चार ओळी लिहा!

येत्या रविवारी मदर्स डे. आईसोबतचा एक बरा फोटो, खाली हार्टचं इमोजी, झालं स्टेटस! पण मंडळी, जिने हा दिवस सुरू केला, तिला एवढ्यावर भागवलेलं अजिबात चाललं नसतं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्राफ्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या अँड्र्यूज मेथडिस्ट चर्चमध्ये ॲन जार्व्हिस रविवारच्या शाळेत शिकवायची. तिची बरीच मुलं लहानपणीच दगावली, मोठी झाली ती फक्त ४. इतरांवर ही वेळ येऊ नये म्हणून तिने १८५८च्या सुमारास आसपासच्या गावांत आयांचे क्लब काढले. स्वच्छता शिकवायची, दूध तपासायचं, क्षयाने आजारी असलेल्या आईच्या घरी कामाला मदतनीस द्यायची, असं त्यांचं काम चालायचं.

१९०५मध्ये ॲन गेली. तिची मुलगी ॲना हिच्या पुढाकाराने १० मे १९०८ रोजी त्याच चर्चमध्ये मदर्स डेची पहिली प्रार्थना झाली. ॲना स्वतः फिलाडेल्फियात होती. तिने आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुलं पाठवून दिली. १९१४मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस देशभर जाहीर केला. इंग्रजी नावातली ॲपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी हवी, असा ॲनाचा हट्ट होता. म्हणजे समस्त आयांचा नाही, ज्याच्या त्याच्या एकुलत्या एका आईचा दिवस!

मग फुलवाले, कार्डवाले, चॉकलेटवाले घुसले आणि ॲना भडकली. छापील कार्ड पाठवणं म्हणजे पत्र लिहायचा आळस, असं तिचं मत. उरलेलं आयुष्य ती या बाजाराशी भांडत राहिली. १९४८मध्ये वारली तेव्हा हातात पैसाही उरला नव्हता.

आपल्याकडे श्रावणात पिठोरी अमावास्येला मातृदिन असतोच. आई खिरीपुरीचं वाण डोक्यावर धरून 'अतित कोण?' विचारते आणि मागे उभं असलेलं पोर 'मी' म्हणतं. त्यात दुकानाचं काय काम? आणि लिहिण्याचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. तुम्हाला पुस्तक लिहायचं नाहीये, चार ओळी पुरेत.

आणि हो, मे म्हणजे कोकणातल्या आईचा सगळ्यात धावपळीचा महिना. मुंबईचे पाहुणे, आंब्याची साठं, फणसाचे गरे, वर्षाचे पापड. त्यात स्वतःच्या दुखण्याकडे बघायला तिला वेळ कुठे? मूळ ॲनचे क्लब आईच्या तब्येतीसाठीच तर होते. तेव्हा रविवारी एवढंच विचारा : "आई, तू शेवटचं रक्त कधी तपासलंस?" 'मला काय झालंय!' असं उत्तर आलं, तर सोमवारी तिला डॉक्टरकडे घेऊन जा. स्टेटस मंगळवारी ठेवलंत तरी चालेल.