तीस किलोची ऑर्डर

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने चांगलाच चटका खाल्ला. उडदाचे पापड आम्ही गावातल्या तीन दुकानांना देतो, प्रत्येकी महिन्याला दहा किलो. अवकाळी पाऊस आला, पापड वाळेनात, एका महिन्यात निम्माच माल देता आला. पुढच्या खेपेला तिन्ही दुकानांनी तीस-तीस किलो लिहिले. आम्ही हरखून गेलो! उधारीवर डाळ उचलली, लाटायला जास्तीच्या बायका बोलावल्या, सगळा माल पोचवला. नंतर दोन महिने एकाचीही ऑर्डर नाही. मजुरी मात्र द्यायलाच हवी होती ना!

गावाने पापड काही तिप्पट खाल्ले नव्हते. ‘मागू त्याच्या निम्मंच मिळतंय, मग जास्तच लिहू,’ एवढाच दुकानदारांचा हिशेब. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. रॉकेलची टंचाई असताना आपण तरी काय करत होतो?

एम.बी.ए. करणारी भाची म्हणाली, “मावशी, याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात.” म्हणजे आसूड. मुठीशी जरासा झटका दिला की टोक केवढं उसळतं! प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीला हा अनुभव डायपरच्या धंद्यात आला. बाळं काय, रोज सारखीच दुपटी ओली करणार! दुकानांतली विक्रीही जवळपास सारखी. पण घाऊक व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी वरखाली होत आणि कंपनी कच्चा माल मागवी त्यात चढउतार आणखी मोठे. हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९७ साली याची कारणं मांडली. आमची टंचाईची भीती त्यात आहेच. शिवाय प्रत्येकाने पुढचा अंदाज ग्राहकावरून न बांधता समोरच्याच्या ऑर्डरीवरून बांधणं, साठवून एकदम मोठी ऑर्डर देणं आणि स्कीम लागली की भरमसाट उचलणं.

वॉलमार्टने आपल्या दुकानांतल्या विक्रीचे आकडे थेट या कंपनीला द्यायला सुरुवात केली, तसा अंदाजपंचे कारभार कमी झाला.

आमच्याकडे कुठले कॉम्प्युटर! दर शनिवारी आमच्यातली एक जण दुकानात जाऊन फळीवर उरलेली पाकिटं मोजते. डाळ त्यावरूनच भिजते... चुकले, दळली जाते. दोन दुकानदार आनंदाने मोजू देतात. तिसरा म्हणतो, “ताई, माझ्या गल्ल्यात डोकावताय की काय?” त्याच्याकडून आम्ही निम्मे पैसे आधी घेतो.