शेडला धोका वाऱ्याचा

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर तालुक्यात बोरगावचा औद्योगिक पट्टा लागतो. रेमंडचा कापड कारखाना 1991 साली इथेच उभा राहिला. या भागात संत्र्याच्या बागांइतकीच आता लोखंडी सांगाड्यावर पत्रे घातलेली शेडही नजरेत भरतात. नवं शेड बांधायचं ठरलं, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: खांब किती जाड घालायचे? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. पत्र्याच्या शेडला स्वतःचा भार पेलणं फारसं जड जात नाही. वादळात जमीन न सोडणं, हे त्याचं अवघड काम.

हिशेब मांडून बघू. सांगाडा आणि पत्रा यांचं कायमचं वजन म्हणजे डेड लोड. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम 5 किलो भरतो. दुरुस्तीला वर चढलेली माणसं, त्यांचं सामान हा लाइव्ह लोड. कमी उताराच्या छतासाठी आयएस 875 हे भारतीय मानक तो चौरस मीटरला सुमारे 75 किलो धरायला सांगतं. हे दोन्ही भार खाली दाबतात.

तिसरा विंड लोड, आणि तो छताला वर ओढतो. याच मानकात शहरवार वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. बोरगावला त्यातलं जवळचं नाव नागपूरचं: सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. पन्नास वर्षांच्या हिशेबाने धरलेला हा वादळी झोत आहे. वेगाचा वर्ग करून त्याला 0.6 ने गुणलं, की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. तो भरतो 1162 न्यूटन, म्हणजे जवळपास 118 किलो. छतावरून धावणारी हवा पत्र्याला वर खेचते. त्यात शेडचं मोठं दार वाऱ्याच्या तोंडाला उघडं असेल, तर आत घुसलेली हवा खालून रेटते. दोन्ही मिळून वरची ओढ या 118 किलोंच्या घरात सहज जाते.

आता एकच पर्लिन घ्या. पर्लिन म्हणजे कैच्यांवर, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर, आडवी टाकलेली, जिच्यावर पत्रा स्क्रूने बसवतात ती सी किंवा झेड आकाराची पट्टी. ती 5 मीटर लांब आणि शेजारच्या पर्लिनपासून 1.4 मीटरवर असेल, तर तिच्या वाट्याला 7 चौरस मीटर छत येतं. पर्लिन धरून तेवढ्या छताचं वजन 70 किलोंच्या आसपास. वाऱ्याची ओढ 800 किलोंच्या वर! हा फरक आधी स्क्रूवर येतो, मग पर्लिनला कैचीशी जोडणाऱ्या क्लीटवर, कैचीच्या वेल्डवर, खांबाखालच्या बेसप्लेटवर आणि शेवटी काँक्रीटमध्ये गाडलेल्या फाउंडेशन बोल्टवर. यातला एक जरी कच्चा निघाला, तरी बाकीच्यांची मजबुती वाया जाते.

कैचीत तर वाऱ्याने कामंच उलटी होतात. एरवी तिची वरची दांडी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वारा छत उचलू लागला, की खालच्या दांडीवर दाब येतो. लोखंड ताण छान सोसतं. 10 मिलिमीटर जाडीची चौकोनी सळई ओढली, तर नेहमीच्या ई 250 प्रतीचं पोलाद अडीच टनांपर्यंत कायमचं लांबत नाही. तीच सळई मीटरभर लांब घेऊन दोन्ही टोकांनी दाबा: 170 किलोंच्या आतच ती मधून बाहेर वाकते. पोलाद तेच, जाडी तीच. या वाकण्याला बकलिंग म्हणतात. त्याचं सूत्र लिओनार्ड ऑयलरने 1744 मध्ये मांडलं, तेव्हा पोलादी शेड कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सूत्र सांगतं, की लांबी निम्मी केली तर ताकद चौपट होते. म्हणजे त्याच सळईला मध्यावर आडवा आधार दिला, तर ती साडेसहाशे किलोंहून जास्त सोसते.

हा आधार देणारे तिरपे अँगल आणि टाय म्हणजेच ब्रेसिंग. शेडमधला हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते सर्वात मोलाचा. खांबांमधली फुली दिसायला किरकोळ. पण शेडच्या लांबीच्या दिशेने येणारा वाऱ्याचा जोर सहसा तीच पायापर्यंत पोचवते. तरी ट्रक वळवायला अडचण होते म्हणून मालक ती बिनदिक्कत कापून टाकतात. पुढच्या वादळापर्यंत काहीच बिघडलेलं दिसत नाही.

शेड बांधून घेणार असाल, तर इंजिनिअरला खांबाच्या जाडीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: वाऱ्याचा वेग किती धरला, दार उघडं असताना काय होईल याचा हिशेब केला का, आणि फाउंडेशन बोल्ट वरच्या ओढीसाठी तपासले का. ब्रेसिंग वाटेत येत असेल, तर कटर हातात घेण्याआधी त्याच इंजिनिअरला फोन करा. फुलीच्या जागी दाराएवढी चौकट मोकळी ठेवणारं पोर्टल ब्रेसिंग बसवता येतं.