चौकट : सुतारकामाचे व्हिडिओ लावून ठेवताना

डोळखांबसारख्या गावातल्या सुताराला व्हिडिओ मिळत नाहीत असं नाही. मिळालेला पुन्हा सापडत नाही, ही खरी अडचण. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल चार दिवसांत वर सरकून जाते. त्यापेक्षा यूट्यूबवर प्लेलिस्ट करावी आणि फक्त तिची लिंक गटात टाकावी. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून आपल्या नावाने चढवला, तर कॉपीराइटचा भंग होतो.

यादी वस्तूंची नको, कामांची हवी: रंध्याला धार लावणं, गुण्याने काटकोन तपासणं, चौकटीचा सांधा, पॉलिश. पाट आणि पलंग दोन्हींना सांधा लागतोच.

स्वतःचं काम चित्रित केलंत, तर वर्णनात वेळांचे टप्पे लिहा. पहिला टप्पा 00:00, किमान तीन टप्पे, प्रत्येक निदान 10 सेकंदांचा. तरच यूट्यूब त्यांची प्रकरणं करतं. सगळ्यांना दाखवायचं नसेल, तर ‘अनलिस्टेड’ निवडा; लिंक असलेल्यालाच दिसेल.

परदेशी व्हिडिओतली मापं अनेकदा मिलिमीटरमध्ये, आपली सुतात. 8 सूत म्हणजे 1 इंच, म्हणजेच 25.4 मिलिमीटर. इंग्लंडच्या पॉल सेलर्सचे हातहत्यारांचे धडे इथे जास्त उपयोगी. वीज गेली तरी रंधा चालतो.